वाट पुसणाऱ्यांचा अभ्यास कोण करणार?

१५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री नवी दिल्ली रेल्वे स्थानकात, महाकुंभासाठी प्रयागराजकडे निघालेल्यांच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. प्रयागराज या एकाच नावाच्या दोन गाड्या आणि त्यांच्या उद्घोषणा यांतून घोळ झाला, असे पोलिसांकडून त्या वेळी सांगण्यात आले. पुढे रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत प्रवाशाच्या डोक्यावरचे ओझे पडल्याचे कारण दिले. कारण कोणतेही माना, एक प्रश्न उरतोच. गर्दीतील माणूस उद्घोषणा ऐकून हलतो, की शेजारचा उठला म्हणून? फलकावर विश्वास ठेवतो, की गावाकडून बरोबर आलेल्या जाणत्या माणसावर? मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये २३ जण दगावले, तेव्हा ‘फूल पडले’ याचे ‘पूल पडला’ असे झाल्याचे बचावलेल्यांकडून सांगितले गेले होते. म्हणजे ही चार दिवसांत विसरून जाण्याची बातमी नव्हे, हा शास्त्राचा विषय आहे.

ब्रिटनने तो तसा मानला. २००४ मध्ये तेथील शासनाने देशभरच्या प्रवासाची माहिती एकत्र देणारे ‘ट्रान्सपोर्ट डायरेक्ट’ हे संकेतस्थळ उघडले (ते २०१४ मध्ये बंद झाले) आणि त्याच काळात, प्रवासी माहिती कोणाच्या सांगण्यावरून स्वीकारतो, यावर तेथील विद्यापीठांतून पीएच.डी.चे संशोधनही झाले. यंत्र उभारल्यावर माणूस ते का वापरत नाही, हा प्रश्न त्यांना पडला. आपल्याकडे यंत्र उभारले की फीत कापली जाते आणि प्रश्न संपतो.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर संगमतीरी राहणाऱ्या कल्पवासींचा मानसशास्त्रीय अभ्यास झाला आणि तो २०१२ पासून प्रसिद्ध होत गेला. थंडी, गर्दी आणि कोलाहल सोसूनही कल्पवासींना मेळ्यानंतर आपली प्रकृती सुधारल्याचे जाणवले, असे त्यात आढळले. गोंगाट तोच, पण तो मेळ्याचा आहे असे समजले की ऐकणाऱ्याला तो सुसह्य होतो, असेही दिसून आले. या संशोधनात भारतीय अभ्यासक होते. पैसा मात्र ब्रिटनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन परिषदेचा होता. २०१३ च्या कुंभाचा नगररचनेच्या अंगाने वेध घेतला तो हार्वर्डने, आणि २०१५ मध्ये त्यावर देखणा ग्रंथ काढला. त्याही आधी, १९६० मध्ये, विठ्ठल संप्रदायावरचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला, त्याचे लेखक देल्युरी हे फ्रेंच जेझुइट पाद्री होते. या परदेशीयांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. लाज वाटायची असेल तर ती आपल्या रिकाम्या खात्याची वाटावी.

आपली परंपरा कोरडी होती असेही नाही. धनंजयराव गाडगीळांनी १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटर बस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यातून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला गेला. पुढे १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात आपल्या समाजशास्त्रीय विभागांतून वारकरी दिसला तो बहुधा ‘अंधश्रद्धेचा बळी’ म्हणून किंवा जातिव्यवस्थेचा नमुना म्हणून. लाखोंचा समुदाय दरवर्षी ठरल्या वेळी, ठरल्या मुक्कामी कसा पोहोचतो, हे विचारावेसे फारसे कोणाला वाटले नाही.

आणि विचारण्यासारखे तेथे किती आहे! माउलींच्या पालखीत मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग थांबतात. हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतो, तेव्हा ती शांत होते. सूचना वरून खाली जाते, तक्रार खालून वर येते आणि दोन्हींचा अधिकार सर्वांना मान्य असतो. पोलिसांच्या ध्वनिक्षेपकाला जी शांतता मिळत नाही ती एका दंडाला का मिळते? यावर एक उत्तम प्रबंध होऊ शकतो. त्यासाठी तीन-चार वाऱ्या चालाव्या लागतील, दिंडीत राहावे लागेल, आणि तोवर संशोधकाला पोट भरावे लागेल.

येथेच गाडे अडते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, पीएच.डी. करून हे काय दिवा लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून झाला होता. तो सवाल संशोधनाच्या दर्जाविषयी असता तर त्याचे स्वागतच व्हायला हवे होते. उचललेल्या मजकुराचे प्रबंध कोणाला ठाऊक नाहीत? पण निकृष्ट प्रबंधांवर उपाय चांगला विषय आणि कठोर मार्गदर्शक हा असतो, पाठ्यवृत्तीची उपेक्षा हा नव्हे. पालखीपुढे छायाचित्रासाठी टाळ हाती घेणाऱ्यांनी, आणि त्यांत स्वतःला हिंदुत्वनिष्ठ म्हणवणारेही आले, वारीच्या अभ्यासासाठी किती पाठ्यवृत्त्या राखून ठेवल्या, हे एकदा सांगावे.

हिशेब अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये मिळतात. तीन वर्षांचे, घरभाडे वगळून, १३ लाख ९२ हजार. दहा संशोधकांचे एक कोटी ४० लाखांच्या आत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण झाले, हजारो कोटींची कामे निघाली. रस्ते हवेतच, घाट हवेत, कॅमेरेही हवेत. परंतु २००३ च्या सिंहस्थात नाशिकच्या सरदार चौकात ३९ भाविक गेले, तेथे कॅमेऱ्याने गर्दी दाखविली असती. ती कोणाच्या सांगण्याने थांबली असती, हे दाखविले नसते.

नाशिकची अमृतस्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. माघ मेळ्याच्या संशोधकांनी कल्पवासींना मेळ्यानंतर विचारले, तसे मेळ्याला निघण्यापूर्वी त्यांच्या गावी जाऊनही विचारले होते. पूर्वीची पाहणी नसेल तर नंतरच्या पाहणीची तुलना करायची कशाशी? ही पर्वणी हुकली की पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी.