पिशवीच्या तळाची बरणी

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर बसलेल्या घरांच्या पिशव्यांत वर जाडजूड फाइल असते, मध्ये पोळीभाजीचा डबा, आणि तळाशी बऱ्याचदा टॉवेलात गुंडाळलेली, लेबल नसलेली चूर्णाची बरणी. माझ्या मावशीच्या पिशवीतही होती. "डॉक्टरांपुढे बोलू नकोस हं, ओरडतील," असं तिनं मला जिन्यातच बजावलं होतं.

या बरणीची वकिली करणाऱ्यांचा हुकमी मुद्दा असा, की झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात. कोणी सांगितलं? अंगणातल्या सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन आलं. ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर चालतं आणि मात्रा चुकली तर जीव घेतं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन आहे. त्याच द्रव्यापासून केमोतलं इरिनोटेकॅन तयार झालं. वनस्पतीत गुण असेल तर अवगुणही असणारच. गुळवेलीचे काढे पिऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. केमोच्या रुग्णाचं बिलिरुबिन असं चढलं की पुढची सायकल लांबते, आणि घरात बोललं जातं, "केमोनं लिव्हर गेलं!" बरणीचं नावही निघत नाही.

दुसरा आधार 'अमका बरा झाला' हा. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योत सिद्धूंनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर कडुलिंब, हळद, लिंबूपाण्यानं हरवल्याचं सांगितलं. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमोही. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून लोकांना सावध करावं लागलं. सुरी सर्जनची, श्रेय लिंबाचं! नुसत्या पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांचं काय होतं, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासलं. अशा २८१ रुग्णांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. आणि या कोणाचाही आजार दूर पसरलेला नव्हता.

म्हणून 'सगळं बंद करा' म्हणत फाइल मिटणाऱ्या डॉक्टरांची बाजू मी घेतो असं नाही. त्या वाक्यानं बरणी बंद होत नाही, फक्त आणखी खाली जाते. उलट, वैद्य नाडी धरतो, झोप लागते का विचारतो. आजारी माणसाला स्वतःच्या हातानं करण्यासारखं काहीतरी देतो. ही भूक खोटी नव्हे, आणि ती भागवायला खरा मालही आहे. वांतीच्या औषधाच्या जोडीला आल्याच्या कॅप्सूल दिल्यावर मळमळ कमी होते, हे ५७६ रुग्णांच्या चाचणीत दिसलं आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी योगाची मोठी चाचणी तर टाटा मेमोरियलनंच घेतली. माझा आक्षेप 'ऐवजी' या शब्दाला आहे आणि लपवण्याला. 'सोबत' चालेल, पण टेबलावर ठेवून.

मावशीच्या केमोच्या तिसऱ्या सायकलला मी ती बरणी टेबलावर ठेवली. मावशीनं माझ्याकडे जळजळीत पाहिलं. डॉक्टरबाईंनी झाकण उघडून वास घेतला. "रोज किती चमचे? कधीपासून?" मग यकृताची तपासणी लिहिली, चूर्ण थांबवायला सांगितलं आणि आलं चालेल म्हणाल्या.

"ओरडल्या नाहीत रे," मावशी रिक्षात म्हणाली. बरणी तिच्या मांडीवर होती. टाकून काही दिली नाही तिनं. फडताळात वरच्या फळीवर ठेवली.