कपाटात चालते, पडद्यावर चालत नाही

जोतिबाच्या डोंगरवाटेवरील एका गावच्या वाचनालयात गेल्या उन्हाळ्यात आम्ही राजन गवस यांच्या 'चौंडकं'वरील टिपणे काढत बसलो होतो. सोबत एम.ए.ची एक विद्यार्थिनी होती. तिने तेथील संगणकावर देवदासी प्रथेविषयी शोध घेतला, तो पडद्यावर सूचना उमटली : हे पान प्रौढांसाठी असल्याने रोखले आहे. कादंबरी मात्र हाताच्या अंतरावर, कपाटात उभी होती. ग्रंथपालांना विचारले, तर ते म्हणाले, "मशीन आलं तेव्हापासून ते आत आहे, सर. काढायचं कसं, ते मलाबी ठाऊक नाही."

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. कोणते पुस्तक घ्यावे हे ग्रंथपाल आणि समिती ठरवतात. चुकले तर सभासद वार्षिक सभेत उठून जाब विचारू शकतो. फिल्टरमधील यादी कुणी केली, हे सभासदाला कळत नाही आणि ग्रंथपालालाही नाही. मग जाब विचारायचा कुणाला?

मराठीच्या अभ्यासकाने 'श्यामा' आठवावी. चंद्रकांत काकोडकरांची ही कथा १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालयाला ती फार उच्च दर्जाची वाटली होती असेही नाही. पण निवाडा देण्याआधी त्यांनी ती वाचली. सात वर्षे आणि न्यायाधीशांचे वाचन ज्याला लागले, ते काम फिल्टर क्षणार्धात उरकतो, आणि तेही न वाचता.

२००६ च्या जुलैत मोजकी पाने रोखण्याचा सरकारी आदेश निघाला, तेव्हा सेवादात्यांनी सगळे ब्लॉगस्पॉटच बंद केले. चैत्र यात्रेतला गुलाल असाच, कुणाच्या अंगावर पडावा हे उधळणाऱ्याच्या हाती नसते. पण तिथे निदान कुणाची तक्रार नसते.

मुलांचे काय, हा प्रश्न आम्ही टाळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली नेमलेल्या समितीने सायबर कॅफेंसाठी सुचवले होते की, अल्पवयीनांनी खुल्या जागेतील, फिल्टर असलेले संगणक वापरावेत. ती गोष्ट मुलांपुरती होती. अमेरिकेत ग्रंथालयांतील फिल्टरचा कायदा २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात टिकला, तोही प्रौढ वाचकाला फिल्टर काढून मागता येतो, या गोष्टीवर भर देऊन. आमच्याकडे कायदा उचलला जात नाही, फक्त कुलूप उचलले जाते. किल्ली तिकडेच राहते.

तेव्हा मागणी साधी आहे. मुलांचा संगणक वेगळा, दर्शनी जागी ठेवा. प्रौढ सभासदाने कारण न सांगता म्हटले, की फिल्टर निघाला पाहिजे. आणि तो काढण्याचा अधिकार व माहिती ग्रंथपालाजवळ हवी. काय रोखले जाते, ते सूचनाफलकावर लावा. जे फलकावर लावण्याची लाज वाटते, ते वाचकावर लादू नये.

ती विद्यार्थिनी त्या दिवशी बाहेर पायरीवर जाऊन बसली. स्वतःच्या मोबाइलवर तेच पान तिने उघडले, आणि चार बोटांच्या पडद्यावरून अर्धा तास वहीत उतरवून घेतले.