भरपाई कुणाला?

२००८ साली लंडनला ऑनसाईट होतो. पगारातून कापला जाणारा टॅक्स बघून जीव तुटायचा... त्यातले काही पैसे कुठे गेले ते फार उशिरा कळलं.

ब्रिटनने १८३३ साली कायदा करून वसाहतींतली गुलामगिरी बंद केली आणि २ कोटी पौंड भरपाई दिली. मालकांना! सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या ४० टक्के. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांना, कॅरिबियनच्या उसात राबलेल्या त्यांच्या पोरांना छदाम नाही. उलट 'ॲप्रेंटिस' म्हणून १८३८पर्यंत त्याच मालकांकडे आठवड्याला ४५ तास फुकट राबायचं. (आपली टाइमशीट बरी म्हणायची.)

या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. "दोनशे वर्षांपूर्वीचं काय उकरतोस?" असं मित्र म्हणतो. अरे, मालकांच्या भरपाईचे हप्ते तर तू-मीसुद्धा भरलेत!