पुड्या नकोत, प्रश्न विचारा
आयसीयूतल्या रात्रपाळीत आम्हा नर्सना हे नवं नाही. लिव्हर निकामी झालेले आजोबा सलाइन उपटतात, पोटच्या मुलीला विचारतात, ‘तुम्ही कोण?’ खोट डोक्यात शोधली जाते. पण आतड्यातले जिवाणू अमोनिया बनवतात, निकामी लिव्हरला त्याचा निचरा करता येत नाही आणि मेंदू झाकोळतो. लॅक्टुलोज या रेचकाने पोट साफ झालं की पुष्कळदा माणूस ओळख देतो. (चादरी किती बदलाव्या लागतात, ते आम्हालाच ठाऊक!)

हे ऐकून नातेवाईक प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, पुड्या आणतात. नका आणू. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांच्या चाचणीत प्रोबायोटिकने न्यूमोनिया टळला नाही. उलट काहींच्या रक्तात तेच जिवाणू सापडले. आतड्यातले चांगले जिवाणू जपायचे, तर लक्ष अँटिबायोटिककडे हवं; ते चांगल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणून राउंडवरच्या डॉक्टरांना रोज विचारा, ‘हे अजून किती दिवस, आणि कशासाठी?’