बारा आठवडे वाया घालवू नका

एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये १२ आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे मुलांच्या तोंडच्या ‘पीएसएम’चे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावात काम करण्याचे हे दिवस. प्रत्यक्षात बहुतेक मुलांचे ते ‘नीट पीजी’च्या अभ्यासात जातात. सकाळी हजेरीची सही झाली की मुलं खोलीवर परततात आणि एमसीक्यू सोडवत बसतात. पीएसएमची पोस्टिंग म्हणजे अभ्यासाची सुट्टी, हे आता सगळ्यांनीच गृहीत धरलं आहे. मराठवाड्यात हा विषय शिकवण्यात माझी हयात गेली. डॉक्टर पुढे कोणत्या प्रकारचा डॉक्टर होणार, हे ठरवण्यात या आठवड्यांचा वाटा फार मोठा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ते वाया जाताना पाहवत नाही.

परदेशी विद्यापीठांत ‘ग्लोबल हेल्थ’ हा आज मानाचा विषय आहे. तो शिकण्यासाठी तिथली मुलं आपल्या जामखेडला येतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी काम सुरू केलं. गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. प्राथमिक आरोग्यसेवेचा अल्मा-अटा जाहीरनामा आला तो त्यानंतर, १९७८ मध्ये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही अमेरिकेत तेच शिकले आणि १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. गावातली बाई नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करू शकते, हे त्यांनी दाखवलं. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हे काम आहे.

तिसरं उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसं डोळ्यांदेखत मरत होती. ती का मरतात, याच्या त्यांनी रोगीगणिक नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी या मृत्यूंना आळा घातला. शास्त्र माणूस कुठेही शिकेल. प्रश्न मात्र त्यांना बिरवाडीतच भेटला.

असा प्रश्न साध्या पोस्टिंगमध्येही भेटतो. दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मी इंटर्न्सना घेऊन गेले होते. चार महिन्यांची एक गर्भवती, हिमोग्लोबिन ७.२. माझ्या विद्यार्थिनीने पुस्तकात आहे तसं सगळं केलं: लोहाच्या गोळ्या दिल्या, चहासोबत घेऊ नका म्हणून बजावलं आणि महिन्याने तपासणीला बोलावलं. सासू म्हणाली, “महिन्यानं कुठल्या येताव बाई? मुकादमाची उचल घेतलीया. दिवाळी झाली की कोयता जाणार कारखान्यावर.” कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती पाच-सहा महिने उसाच्या फडात, पालात राहणार. पोरगी क्षणभर गप्प झाली. मग खाली बसून तिने विचारायला सुरुवात केली: कारखाना कोणता, गाडी कधी येणार, बरोबर आणखी कोण आहे. आशाताईंकडून नंबर मिळवून कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला तिने त्याच दिवशी फोन लावला.

ती आज शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. खेड्यात गेली नाही, आणि तिने जावं असा माझा आग्रहही नव्हता. पण रक्त कमी असलेली ऊसतोड मजूर बाई तिच्याकडे आली, की ती आधी विचारते, “गाडी कधी निघणार?” दिवस थोडे असतील तर गोळ्यांवर न थांबता शिरेतून लोह देते. या पोस्टिंगने करिअर घडतं ते असं. तज्ज्ञ झाल्यावरही रोग्याचं घर डॉक्टरच्या डोळ्यांसमोर राहतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सेवाभाव मुळातच असावा लागतो, पोस्टिंगने तो येत नाही. यात तथ्य आहे. खेड्यातून आलेली मुलं खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त असते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींतही मान्य केलेलं आहे. पण शिक्षणाच्या काळात ग्रामीण भागात काम करायला लावा, असंही त्याच शिफारशी सांगतात. ओढ असली तरी ती कधीतरी जागी व्हावी लागते, आणि हजेरीच्या सहीने ती जागी होत नाही. बॉण्डच्या दंडाच्या धाकाने तर नाहीच नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक योजना आणली. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याने काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं, ही कल्पना उत्तम आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुशीला नायर यांनी गाव दत्तक घेण्याची पद्धत कितीतरी आधी रुजवली. पण बसने जायचं, फॉर्म भरायचे, फोटो काढायचा आणि परतायचं, असं झालं तर ही योजनाही कागदावरच राहील.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मेडिसिन, बालरोग आणि स्त्रीरोग विभागांच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा ग्रामीण केंद्रात येऊन मुलांना रोग्यापाशी शिकवावं. ही जबाबदारी एकट्या पीएसएम विभागाची नाही. केंद्रावर मुक्कामाची सोय, पाणी, चालू शौचालय आणि मुलींना सुरक्षित वाटेल अशी खोली असावी. प्रत्येक इंटर्नने गावातला एक प्रश्न निवडून त्याचा माग काढावा आणि तो शिक्षकांपुढे मांडावा. आणि या कामाला पदव्युत्तर प्रवेशात थोडं तरी वजन मिळावं, कारण ज्याला गुण नाहीत त्याला वेळही मिळत नाही, हे मुलांना आपणच शिकवलं आहे.

महाराष्ट्राने जगाला जे आरोग्यशास्त्र दिलं, त्यातलं बरंच जामखेड, गडचिरोली आणि महाडमध्ये घडलं. ते शिकायला परक्या देशातली मुलं विमानाने येतात. आपल्या मुलांना तिथवर पोहोचायला एसटी पुरते. ते १२ आठवडे तेवढे त्यांना खरोखर मिळू द्या.