नकाशातली एक ओळ

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, भूगोल नाही. तरीही यंदा वर्गात कोयना खोऱ्याचे दोन नकाशे घेऊन गेलो. दोन्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचे. एक धरणापूर्वीचा, एका इंचाला एक मैल या प्रमाणाचा. दुसरा अलीकडचा.

जुन्या नकाशात महाबळेश्वरहून निघालेली कोयना दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. काठानं गावं, वाड्या, पायवाटा. नव्या नकाशात हेळवाकच्या वर निळा रंग पसरलेला आहे. तो शिवसागर जलाशय. आपल्या घरातल्या विजेची किंमत त्या निळ्या रंगाखाली आहे.

एका मुलीनं विचारलं, "सर, माणसं उठून दुसरीकडे गेली. पण कबरी?"

मी तिला नकाशाच्या सूचीतली एक ओळ दाखवली. देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, मजार, कबरी या सगळ्यांच्या खुणा तिथं एकाच ओळीत असतात. इंग्रजांनी हे नकाशे एकोप्यासाठी काढले नव्हते, राज्य करण्यासाठी काढले. पण गाव पाण्याखाली गेल्यावर ते होतं याची साक्ष हाच कागद देतो.

मग भाषेकडे वळलो. नकाशा, मौजे, तालुका, जिल्हा, हद्द हे शब्द अरबीतून आले, जमीन फारसीतून. खोरं, ओढा, वाडी आपली मराठी. यातला एक जरी वगळला तरी गावचा पत्ता पुरा होत नाही.

"तुम्ही मूळचे कुठले?" असं कुणी विचारलं की आपण दुखावतो. ते स्वाभाविक आहे. पण आपल्यातलेच काही जण उत्तरादाखल अभिमानानं दूरच्या मुलखाचं नाव सांगतात, आणि आजोबांच्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो ते त्यांना ठाऊक नसतं. हे मला जास्त खटकतं.

प्रत्येक शाळेत आपल्या खोऱ्याचा जुना नकाशा भिंतीवर असावा. मुलांनी तो घरी वडीलधाऱ्यांसमोर पसरावा आणि विचारावं: आपलं शेत कुठं होतं, कबरस्तान कुठं, पाणवठा कुठं? नकाशात माणसांची नावं नसतात. ती सांगणारे अजून आहेत तोवरच लिहून घ्यायला हवीत.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "बेटा, कबरी तिथंच आहेत. दुआ मागायला नकाशा पुरतो."