पोर्ट उखडला, प्रयोग थांबला

अटल टिंकरिंग लॅबमुळे सहावी ते बारावीचे विद्यार्थी मायक्रोकंट्रोलर हाताळू लागले. पण चांगला चालणारा बोर्ड केबलच्या एका हिसक्याने निकामी होतो. पोखर्णीसारख्या गावात नवा बोर्ड येईपर्यंत जमिनीतील ओलावा मोजण्याचा प्रयोग रखडतो, मुलांचा उत्साहही ओसरतो.

दोष मुलांच्या धांदलीला देऊ नये. मायक्रो यूएसबी पोर्ट सुमारे १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी घडवलेला असतो. पण अनेक स्वस्त बोर्डांवर तो जेमतेम ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या थराला सोल्डरने चिकटवलेला असतो. आडवा ताण आला की थरच सोलून निघतो. मग दुरुस्ती अवघड.

शाळांनी बोर्ड लाकडी फळीवर बसवावा, आखूड केबल कायम जोडून फळीलाच घट्ट बांधावी; काढ-घाल दुसऱ्या टोकाला. खरेदीत पोर्टचे पाय बोर्डातून आरपार गेलेत का, तेही पाहावे.